बिनखोट गाडी

रविवार, १७ मे २०२६

अधिक महिना आजपासून लागला. माझी बहीण मथुराअक्का मुधोळहून सकाळच्या बसने आली, पाय धुतले आणि चहाच्या आधी तांदूळ भिजत घातले. माझी बायको जयवंता गेल्यापासून या घरात अनारसे झालेले नाहीत. लेकीला, भाग्याला, ते जमत नाहीत, आणि जमवून घ्यायची तिला हौसही नाही.

संध्याकाळी अंगणात अक्काने विषय काढला.

"माणिक, मागच्या अधिकात तू जावयाले दिवा देऊन मोकळा झाला. या खेपी नाई चालणार. लगनात माईक हातात घेऊन काय बोलला होता?"

"मला नाही आठवत."

"मले आठवते. साऱ्या मांडवाले आठवते. म्हणे, गाडी पोरीचीच."

बोललो होतो खरं. तेव्हा राजकुमार मराठी माध्यमाच्या शाळेत सायन्सचा मास्तर होता. गेल्या वर्षी शाळेने मराठी वर्ग बंद केले. तेव्हापासून जावई माझ्या घरी आहे. मी त्याला राजपुत्र म्हणतो. तो हसतो.

गाडी म्हणजे माझी अठ्ठ्याहत्तर सालची अँबॅसडर, दुधी रंगाची, आजही चाबी फिरवली की पहिल्या फटक्यात सुरू होते. राजकुमारला ती लग्नांना भाड्याने फिरवायची आहे. हल्ली लग्न ठरलं की जोडपी जुन्या गाड्यांना टेकून फोटो काढतात म्हणे. निजामाबादचा कोणी फोटोवाला त्याला काम द्यायला तयार आहे. अधिकात लग्नं नसतात. महिना संपला की सुरू. गाडी मिळाली की दोघं तिकडेच खोली घेणार.

हे मला भाग्याने सांगितलं नाही, अक्काकडून कळलं. माझ्या भाकरीचं काय ठरलं आहे, ते अक्कालाही माहीत नाही.

गुरुवार, २१ मे

अनारशांचा पहिला घाणा झाला. काही तुपात फुटले. अक्काने ते झाऱ्याने काढून वेगळ्या डब्यात टाकले.

"हे खायाले. वाणात नाई चालत."

"का? चव तर तीच."

"खोट असली की वाण लागू होत नाई माणिक. देणाऱ्यालेही नाई, घेणाऱ्यालेही नाई."

हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण आज ऐकून एकदम मोकळं वाटलं.

रात्रीच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगितलं. गाडी देतो. चौदा जूनला रविवार आहे. त्या दिवशी बासरला जाऊ, गोदावरीत अंघोळ करू, घाटावर जावईबापूंचे पाय धुऊन वाणासोबत चाबी हातात ठेवतो. फक्त एक गोष्ट. गाडीचा टेंपरेचरचा काटा अधूनमधून लाल पट्टीत जातो, इंजिन गार असलं तरी. तेवढी खोट काढा. बासरपर्यंत काटा जागेवर राहिला तर गाडी तुमची. नाही राहिला तर चांदीचं तबक घ्या, आणि गाडीचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही.

राजकुमार ताटावरून उठला आणि खरकट्या हाताने पाया पडला.

भाग्या माझ्याकडे पाहत होती. "काटा कवापासून खराब झाला, बाबा?"

"झाले बरेच दिवस."

काट्याला काही झालेलं नाही. उद्या होईल.

शुक्रवार, २२ मे

दुपारी ऊन असं होतं की गल्लीतली कुत्री नालीत उतरून बसली होती. घरातले कूलरसमोर झोपले. मी गाडीत शिरलो.

उभा जन्म इलेक्ट्रिकचं दुकान चालवलं ते वाया गेलं नाही. इंजिनात पाण्याची उष्णता मोजणारा सेन्सर असतो. त्याच्याकडून एक वायर मीटरला येते. ती वायर गाडीच्या पत्र्याला टेकली की काटा उडी मारून लाल पट्टीत जातो. वायर तोडली की काटा थंडाच्या खुणेवर पडून राहतो. एवढंच शास्त्र आहे. मी मीटरच्या पाठीमागून त्या वायरला एक फाटा काढला आणि डाव्या सीटसमोर, खणाच्या खाली, दारावरच्या घंटीचं एक जुनं बटन बसवून त्याला जोडला. डाव्या सीटवर मी बसतो. गुडघा जरा उचलला की काम झालं.

डॅशबोर्डवर जयवंताने बासरहून आणलेलं सरस्वतीचं छोटं चित्र आहे. तिनेच चिकटवलं होतं. डॅशबोर्डचा मुख्य स्क्रू नेमका त्याच्या मागे. चित्र अलगद काढून, काम झाल्यावर पुन्हा लावलं.

संध्याकाळी राजकुमारला बजावलं, "गाडीचं काहीही उघडा. डॅशबोर्डला हात लावायचा नाही. तुमच्या सासूबाईंच्या हातचं चित्र आहे तिथे."

त्याने कानाच्या पाळ्या धरल्या. "शप्पथ मामा. त्या बाजूले बोटही नाई लावणार."

बाबारावला मात्र सांगितलं. बाबाराव माझा जुना मिस्त्री, पत्त्यातला भिडू. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

रविवार, २४ मे

मावल्याच्या तळ्यापर्यंत पहिली फेरी. राजकुमार चालवत होता, मी शेजारी, बाबाराव मागे. वेशीबाहेर पडल्यावर गुडघा उचलला.

"मामा, चढला! पाहा पाहा, एकदम उडी मारली!"

"थांबवा मग. पाहा काय ते."

त्याने बॉनेट उघडलं, हाताच्या पाठीने रेडिएटर चाचपला. कोमट होता. परत येऊन बसला तर काटा जागेवर. पुन्हा निघालो, पुन्हा गुडघा.

मागून बाबाराव म्हणाला, "मास्तर, काटा तुमाले पाहून लाजून राह्यला. नवरीसारखा लाल होते बिचारा."

राजकुमारही हसला. त्याला हसायला जमतं, हे मात्र मान्य करावं लागेल. तळ्यापर्यंत तो सात-आठ वेळा तरी खाली उतरला. शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. मी खिडकीतून शेंगदाणे खात पाहत होतो. बऱ्याच दिवसांनी रविवार चांगला गेला.

मंगळवार, २६ मे

राजपुत्राने आज प्रयोग केला. सेन्सर खोलून काढला, दुधाच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात सोडला, शाळेतून आणलेला काचेचा थर्मामीटर बुडवला आणि खाली शेगडी लावली. वायर जोडून भाग्याला गाडीत बसवलं. तो पाण्याची उष्णता ओरडून सांगायचा, ती काटा कुठे आहे ते ओरडून सांगायची. अख्खी गल्ली ऐकत होती. शेजारची राहीबाई कुंपणावरून विचारून गेली, "काय शिजवून राह्यला जावई?"

"लोखंडाची कढी," मी सांगितलं.

पाणी उकळेपर्यंत काटा बरोबर चढला, गार झाल्यावर बरोबर उतरला. राजकुमार नाचायचा बाकी होता. "मामा, सेन्सर एक नंबर आहे! मीटरही बरोबर आहे! म्हंजे दोष मधल्या वायरीत."

त्याने दुपारभर बसून इंजिनपासून डॅशबोर्डच्या कडेपर्यंत नवी वायर टाकली. कडेच्या पुढे गेला नाही. शप्पथ आहे ना.

संध्याकाळी फेरी. गुडघा. काटा लाल.

तो परत आल्यावर अंगणात तसाच मातीत बसला. भाग्याने पाण्यात पदर भिजवून त्याच्या मानेला लावला. सगळ्यांच्या देखत.

गुरुवार, २८ मे

काल थर्मोस्टॅट बदलून झाला. तो म्हणजे पाणी तापेपर्यंत वाट अडवणारी झडप. आज रेडिएटर धुऊन झाला, बॅटरीची पत्र्याला जाणारी पट्टी घासून झाली. गाडी खरं तर इतकी चांगली कधीच चालत नव्हती. काटा मात्र माझ्या हुकमात आहे.

जेवताना मी म्हटलं, "राजपुत्र, वरण गरम आहे का गार? हात नका लावू. काट्याला विचारून सांगा."

अक्का पदर तोंडाला लावून हसली. राजकुमार म्हणाला, "मामा, तुमी कसे अशी चेष्टा करता," आणि तोही हसला.

भाग्या हसली नाही. मला अजून एक भाकरी हवी होती. तिने दुरडीवर फडकं टाकलं आणि ताट उचललं.

"तुले वाईट वाटते काऊन?" अक्काने विचारलं.

"वाईट नाई वाटत, आत्या. पाहून राह्यली मी."

शनिवार, ३० मे

एकच खेळ रोज खेळला की त्यातली मजा जाते. म्हणून काल दुपारी मीटरच्या मागची वायरच काढून ठेवली. काटा थंडावर पडून राहिला.

आज राजकुमार एकटाच गाडी घेऊन दूर फिरून आला. इचोड्यापर्यंत गेला होता म्हणे. अंगणात आल्याबरोबर उतरला तो खुशीत होता. "मामा, आज काटा चढलाच नाई! पण उलटंच झालं, अगदी थंड दाखवून राह्यला. नवा थर्मोस्टॅट उघडा अडकला असन. पाणी तापतच नसन."

"मग पाहा," मी म्हटलं. मी ओट्यावर पेपर वाचत होतो.

त्याने रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकलं आणि फिरवलं.

आवाज शिट्टीसारखा आला. झाकण उडून तुळशीपाशी पडलं आणि उकळतं पाणी त्याच्या उजव्या हातावर, मानेवर, कानावर गेलं. तो ओरडला नाही, हे विचित्र वाटलं. हात पुढे धरून नुसता उभा राहिला. कातडी ओल्या कागदासारखी सरकत होती. भाग्या आतून धावत आली आणि तीच ओरडली.

एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं. पण सायन्सच्या मास्तरने काट्यावर विसंबण्याआधी बॉनेटवर हात ठेवून पाहायला हवा होता. हे तर मुलांनाही शिकवतात.

रविवार, ३१ मे

दवाखान्यातून पट्टी बांधून आणलं. कोपरापासून बोटांपर्यंत पांढरं गाठोडं. डोळा वाचला.

भाग्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, तुमी समोरच होता ना?"

"ओट्यावर होतो."

"ते झाकण उघडून राह्यले होते, तुमी पाहत होता. गाडी तुमची. ती किती तापते तुमाले ठाव. मग थांबा म्हणून बोलले काऊन नाई?"

"काटा थंड दाखवत होता म्हणाला तो."

"काटा खोटा आहे, हे तर तुमीच सांगितलं होतं."

ती जाईपर्यंत मी चष्मा पुसला.

दुपारी राजकुमार दवाखान्यातून आणलेल्या गोळ्यांच्या गुंगीत आणि बाकीचे उन्हाने आडवे झाले असताना वायर पुन्हा जागेवर लावली. तुळशीपाशी रबराची एक चकती पडलेली दिसली, फाटलेली. रेडिएटरच्या झाकणाच्या आतली. झाकण उडालं तेव्हा निघाली असणार. झाकण तर कोणीतरी उचलून परत बसवलेलं आहे, पण चकतीशिवाय ते नुसतं टोपीसारखं आहे. गावातल्या गावात चालेल. लांबच्या वाटेत पाणी उकळून निघून जाईल. मास्तरांच्या हे लक्षात येतं का पाहू. आलं तर बरं, नाही आलं तर वेळेवर सांगू.

चकती सदऱ्याच्या खिशात टाकली.

बुधवार, ३ जून

बाबाराव पत्ते खेळायला येत नाही. परवा निरोप पाठवला तर म्हणाला, काम आहे. आज सकाळी तो फाटकापाशी आलेला दिसला. भाग्याशी बोलत होता. तो खाली मान घालून बोलत होता आणि ती फाटकाची कडी धरून ऐकत होती. मी ओट्यावर येईपर्यंत तो गेला होता.

"काय म्हणाला?"

"त्यायच्या हाताची चौकशी केली."

"मला न भेटता गेला?"

"घाईत होते," भाग्या म्हणाली. माझ्याकडे इतका वेळ टक लावून पाहत राहिली की मी सदऱ्याची बटनं तपासली.

शनिवार, ६ जून

बरं आहे, पोरगी शांत झाली आहे. मला वाटलं होतं अबोला धरेल, पण दोन दिवसांपासून वेळेवर चहा, वेळेवर भाकरी. आज पिठलं केलं होतं, जयवंता करायची तसं, लसूण जास्त घालून.

दुपारी ओट्यावर शिवण घेऊन बसली होती. जुन्या सतरंजीची पिशवी, हिरव्या दोऱ्याची दुहेरी शिवण. पिशवी एवढी मोठी की त्यात पोतंभर कापूस मावेल.

"एवढी कशाला ग?"

"बासरले न्यायाले. वाणाचं सामान."

"वाणाला ताट पुरतं."

"असू द्या बाबा. नेलेलं बरं."

मग गाडी धुवायला गेली. आतून, बाहेरून. बराच वेळ गाडीत होती. मी झोपलो होतो, मला टिकल्यांच्या डबीसारखा काहीतरी बारीक खडखडाट ऐकू येत होता, स्क्रू खाली पडल्यासारखा. उठून पाहिलं तर डॅशबोर्ड लख्ख पुसलेला आणि जयवंताचं चित्र जागेवर नाही.

"लय धूळ बसली होती आईच्या चित्रावर. गोदावरीच्या पाण्यानं धुऊन आणते."

मला ते आवडलं. आईची आठवण ठेवते.

गुरुवार, ११ जून

राजकुमारची पट्टी काढली. हात गुलाबी, चकचकीत, दुसऱ्या कोणाचा तरी लावल्यासारखा. मूठ पूर्ण वळत नाही. तरी संध्याकाळी गाडी काढली, स्टेशनपर्यंत जाऊन आलो. मी मुद्दाम गुडघा हलवला नाही. बासरसाठी राखून ठेवला.

काटा मधोमध राहिला. परत आल्यावर तो स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसला. खांदे हलत होते. मला वाटलं हसतो आहे.

"झालं मामा. जमलं वाटते."

"बासर अजून यायचं आहे, जावईबापू."

भाग्या फाटकात उभी होती. तिने त्याच्याकडे नाही, माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. पायजम्याला ग्रीस लागलं असेल.

सोमवार, १५ जून

काल लिहायची ताकद नव्हती. आज क्रमाने लिहितो.

सकाळी अंघोळी करून निघालो. राजकुमार चालवत होता, मी डाव्या सीटवर, मागे अक्का आणि भाग्या. अक्काच्या मांडीवर वाणाचं ताट: तेहतीस अनारसे, एकही न फुटलेला, दिवा, विडा, वर लाल कापड. भाग्याची सतरंजीची पिशवी डिकीत. ती बरीच जड होती, राजकुमारला एका हाताने उचलता आली नाही.

निर्मलचा घाट गाडीने न कुरकुरता काढला. काटा मधोमध. राजकुमार दर मिनिटाला काट्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत होता, परीक्षेच्या निकालाला आलेल्या पोरासारखा. मी ठरवलं होतं की भैंसा ओलांडल्यावर गुडघा उचलायचा. आधी केलं तर मजा नाही.

भैंसा गेलं. दोन्ही बाजूंना कापसाची नांगरून ठेवलेली काळी रानं, झाड नाही. मी गुडघा उचलणार एवढ्यात काटा आपणच चढू लागला. मला वाटलं, माझा गुडघा आधीच टेकला असेल.

"मामा, काटा चढून राह्यला."

"ही तर तुमची जुनी ओळख."

"नाई मामा. आधी एकदम उडी मारत होता. आज हळूहळू चढून राह्यला."

"उडी मारो नाहीतर जिन्याने येवो. खोट ती खोट. चाबी माझ्याकडेच राहील, एवढं समजून चालवा."

"थांबवतो जरा. वास येऊन राह्यला."

"गार इंजिनापाशी थांबून काय करता राजपुत्र? झाकण उघडता?"

अक्का हसली. राजकुमारने तो गुलाबी हात स्टिअरिंगवरून काढला आणि मांडीवर पुसला. त्याने वेग कमी केला होता.

"चला हो," मी म्हणालो. "काटा खोटा आहे. मी सांगतो ना."

त्याने आरशात पाहिलं. "भाग्ये? काय करू?"

भाग्या खिडकीबाहेर पाहत होती. म्हणाली, "बाबा म्हणतात तर चालवा. बाबाएवढी ही गाडी कोणाले समजते?"

वर्षभरात पहिल्यांदा पोरीने माझी बाजू घेतली. मला बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही.

राजकुमार आरशात पाहतच राहिला. तिनेही आता आरशात पाहिलं. मग त्याने पाय दाबला.

काटा लाल पट्टीच्या टोकाला जाऊन टेकला. थोडं अंतर तसंच गेलो. आणि मग काटा उतरू लागला. पट्टीच्या बाहेर आला, मधोमध आला, आणि थेट थंडावर जाऊन पडला. मी टाळी वाजवली.

"पाहिलं? आला ठिकाणावर! भ्यायले होते तुम्ही!"

"मामा," राजकुमार अगदी हळू म्हणाला, वर्गात फळ्यापाशी उभा राहून सांगावं तसं, "सेन्सर पाण्यात बुडून असला तरच मोजते. पाणी सारं संपलं की तो कोरडा राहते, मग काटा—"

"शाळा सुटली, मास्तर," मी म्हणालो.

नंतर आवाज आला. जात्यात खडा आल्यासारखा. गाडीने एक हिसका दिला, मागची चाकं घासली, अक्काच्या मांडीवरचं ताट पुढच्या सीटवर आदळलं आणि आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. बॉनेटच्या फटींतून धूर येत होता. वाफ नाही. वाफ यायला पाणी लागतं.

एक ट्रॅक्टरवाला थांबला. वाकून पाहिलं, हँडल टाकून फिरवायचा प्रयत्न केला. तेलुगूत काहीतरी म्हणाला, मग आम्हाला कळावं म्हणून हिंदीत, "पूरा जाम हो गया साब. अब भंगार."

अक्का रस्त्यावरून अनारसे वेचत होती. एकही अख्खा नव्हता.

मग मला वाटलं, शब्द दिला आहे तर पुरा करावा. मी पाण्याच्या बाटलीतून राजकुमारच्या पायांवर थोडं पाणी ओतलं, चाबी काढली आणि त्याच्यासमोर धरली. "घ्या जावईबापू. अधिकाचं दान. गाडी तुमची. आता मांडवातल्या लोकांना सांगायला मोकळे."

त्याने हात पुढे केला नाही. भाग्याने चाबी घेतली. ती उन्हात तापली होती तरी मुठीत घट्ट धरली. मग माझा हात उघडला आणि त्यात ठेवली.

"खोट असली की वाण लागू होत नाई, बाबा. देणाऱ्यालेही नाई, घेणाऱ्यालेही नाई."

भैंसाकडून निजामाबादची बस येत होती. तिने हात केला. राजकुमारने डिकीतून ती पिशवी काढली, यावेळी दोघांनी मिळून उचलली. वरचं तोंड उघडं होतं. साड्या, त्याचे शर्ट, शाळेचा थर्मामीटर गुंडाळलेला टॉवेल. बासरच्या एका अंघोळीला एवढे कपडे का लागतात, ते मला समजलं नाही. राजकुमारने बसच्या पायरीवरून वळून मला नमस्कार केला. भाग्या वळली नाही.

चार दिवसांत येतील. भाग्याचा जुना चष्मा इथेच आहे.

गुरुवार, १८ जून

क्रेनने गाडी आणून अंगणात टाकली. अक्का परवाच मुधोळला गेली. जाताना म्हणाली, "फुटक्या अनारशांचा डबा फडताळात आहे, ते खाजो." सकाळपासून तेच खातो आहे. मऊ पडले आहेत.

दुपारी गाडीत जाऊन बसलो. चाबी फिरवली तर दिवे लागले, मीटर जागं झालं. डाव्या सीटवर सरकून गुडघा उचलला. काटा हलला नाही. पुन्हा दाबलं. नाही.

डॅशबोर्ड उघडला. स्क्रू नुसते बोटाने बसवलेले होते. माझा फाटा मीटरच्या मागे कापलेला होता, स्वच्छ, आणि मूळ वायर तशीच ठेवलेली. कापलेल्या टोकावर हिरवा दोरा गुंडाळला होता, घट्ट, एकावर एक, शेवटी बारीक गाठ. म्हणजे रविवारी माझा गुडघा टेकलाच नव्हता.

हे काम राजकुमारचं. कानाच्या पाळ्या धरून शप्पथ घेतली आणि सासूच्या चित्रामागे हात घातला. अशा माणसाला मी पोरगी दिली. उजवा हात गाठोड्यात असताना त्याने एवढी बारीक गाठ कशी मारली, हे मात्र लक्षात येत नाही.

पक्कड शोधायला आत आलो. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात रबराची चकती हाताला लागली. ती टेबलाच्या खणात टाकली, पक्कड घेतली आणि परत गाडीत गेलो. दोरा सोडवला, तारा सोलल्या, जोडल्या.

गुडघा उचलला. काटा उडी मारून लाल पट्टीत. सोडला, परत थंडावर. उचलला, लाल. सोडला, थंड. कुठे अडकणं नाही, थरथर नाही.

मीटर उत्तम आहे. त्यात काहीही खोट नाही.

भाग्याला सांगावं म्हणून फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग फोन सीटवर ठेवला आणि बॅटरी उतरेपर्यंत बटन दाबत बसलो.